ऑर्वालचा दिवा

अमेरिकेतल्या, सरोवराकाठच्या डुलूथ शहरात ग्रंथालयाच्या तळघरात शिरायचं तर बूट दाराशीच काढायचे, ही व्हर्जिल कोवालिकची सक्त ताकीद. त्यामुळे त्या शनिवारी दुपारी खेळायला जमलेले सगळे जण मोज्यांवर बसले होते आणि दाराजवळच्या ट्रेमध्ये बुटांवरचा बर्फ वितळत होता.

"पुन्हा लिंबाच्या वड्या? मॅरेन, माझी साखर वाढवून मलाच आधी मारायचा बेत दिसतोय तुझा," व्हर्जिल म्हणाला आणि त्यानं दोन उचलल्या.

"तुझ्या नावाचा फासा पडायला वेळ आहे अजून. खा."

मॅरेन टॉफ्टी हसली, पण तिनं स्वतः एकही वडी घेतली नाही. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, हा दिवस यायचा.

टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या जादूगारांच्या एका खेळाचं वेड असलेली माणसं जगभर पसरलेली. त्यांच्यासाठी व्हर्जिलनं 'दिव्यांचं गाव' नावाचं संकेतस्थळ उभं केलं होतं. मंत्र कसे रचायचे, मनोरे कसे बांधायचे, नकाशे, शंकासमाधान, सगळं तिथं मिळायचं. प्रत्येक खेळाडूचा एक जादूगार, त्या जादूगाराला आपलं एक पान आणि पानावर एक छोटा दिवा. दर हिवाळ्याला जादूगार वर्षानं म्हातारे होत. मग त्यांच्या नावानं दहा बाजूंचा फासा पडे. आकडा जितका मोठा, तितका धोका मोठा. आणि वय जितकं जास्त, तितका छोटा आकडाही जीव घ्यायला पुरेसा. जादूगार मेला, की त्याच्या पानावरचा दिवा विझे.

करड्या मनोऱ्याच्या ऑर्वालचा दिवा अजून जळत होता. ऑर्वाल हा मॅरेनच्या मुलाचा, सोरेनचा जादूगार. सोरेन गोठलेल्या सरोवरावर मासे धरायला गेला आणि त्याच्या पायाखालचा बर्फ फुटला, त्याला आता बरीच वर्षं झाली. सरोवरानं त्याला परत दिलं नाही. त्यामुळे थडगं नाही, फुलं ठेवायला जागा नाही. मॅरेनकडे उरला होता तो पानावरचा दिवा.

सोरेनच्या जागी तीच खेळात आली. शाळेत चाळीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई. नवख्यांसाठी संकेतस्थळावर सोपे धडे तिनंच लिहिले. आणि दर हिवाळ्याला सोरेनच्या रिकाम्या खुर्चीपुढे पत्र्याचा प्याला ठेवून ती म्हणायची, "ऑर्वाल काढा पितो." तो आयुष्य वाढवणारा काढा घेतला, की फाशाच्या आकड्यातून बरंच वजा होई. मग ती प्याल्यातली कॉफी स्वतः पिऊन टाकायची आणि फासा टाकायची. ऑर्वाल जगायचा.

"ऑर्वाल," व्हर्जिलनं नाव घेतलं. त्याचा आवाज आपोआप खाली आला. "वय एकशे अडुसष्ट. काढ्याशिवाय फक्त एक आला तर वाचेल. काढा घेतला तर पाचपर्यंत चालेल."

मॅरेननं बसल्या जागेवरूनच टेबलावरचा प्याला खुर्चीपुढे सरकवला. "ऑर्वाल काढा—"

"मिस मॅरेन, थांबा ना!" सिल्वी म्हणाली. ती दहा वर्षांची, मॅरेनकडे खेळ शिकणारी सगळ्यात चौकस विद्यार्थिनी. ऑर्वालच्या मनोऱ्यातली शिकाऊ जादूगार म्हणून ती याच वर्षी खेळात आली होती. "तो पितो, असं त्यानं सांगितलंय का तुम्हाला?"

"गप बस, पोरी," व्हर्जिल पुटपुटला.

"पण यांनीच तर लिहिलंय! तिसऱ्या धड्यात. खेळणारा हजर नसेल तर त्याचा फासा दुसऱ्यानं टाकावा, पण त्याच्या जादूगारानं काय करायचं ते कुणीही ठरवू नये. ते फक्त त्याचं त्यानंच."

आपल्याच धड्यातलं वाक्य पोरीनं तोंडपाठ म्हणावं, यापेक्षा मोठा आनंद शिकवणाऱ्याला नसतो. आज मात्र मॅरेननं प्याल्यावरचा हात मागे घेतला.

"बरोबर आहे तुझं," ती शेवटी म्हणाली. "मी त्याला कधी विचारलंच नाही."

"तो थकला असेल तर?"

"मॅरेन, नियम गेला खड्ड्यात," व्हर्जिल घाईनं म्हणाला. "संकेतस्थळ माझं आहे. पितो म्हण आणि टाक."

मॅरेननं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीच्या पाठीला सोरेनच्या लोकरी टोपीचा एक करडा धागा अजून अडकलेला होता. इतकी वर्षं आपण त्याला धरून ठेवलं, असं तिला वाटत आलं होतं. जायचं असेल तर जाऊ दे. तिनं प्याल्याला हात लावला नाही.

"ऑर्वालला हवं ते ऑर्वाल करेल," ती म्हणाली आणि तिनं फासा सोडला.

फासा टेबलभर घरंगळला, प्याल्याला टेकला आणि थांबला.

एक.

व्हर्जिलनं फासा उचलून उजेडाकडे धरला, हातावर तोलला आणि परत ठेवला. संगणकाच्या पडद्यावर ऑर्वालचा दिवा तसाच जळत होता.

"वाचला!" सिल्वी ओरडली.

मॅरेनच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं सोडून दिलं होतं, अगदी मनापासून. मग हे धरून कोण बसलं होतं?

तेव्हा तिची नजर खाली गेली. सोरेनच्या खुर्चीखाली फरशी ओली होती. पाण्याचं लहानसं तळं, कडेला बर्फाचा पातळ तुकडा. सगळ्यांचे बूट दाराशी ट्रेमध्ये होते आणि त्या खुर्चीजवळ आज कुणी गेलंच नव्हतं.

व्हर्जिलनंही ते पाहिलं. तो उठून फडकं घेऊन आला, पण मॅरेननं त्याचा हात धरला.

"राहू दे रे."

मग तिनं प्याल्यात आणखी गरम कॉफी ओतली, प्याला खुर्चीच्या अगदी जवळ सरकवला आणि मुलाशी बोलावं तसं हळूच विचारलं, "घेणार का रे?"

ती उत्तराची वाट पाहत बसली. कॉफीची वाफ वर जाता जाता खुर्चीकडे वळली.