पुडीतलं कौतुक

डॉक्टरांनी मुलाचा रक्तदाब मोजला, मीठ कमी करा, पुडीतलं-डब्यातलं खारट खाणं बंद करा म्हणाले, आणि म्हातारीनं बाह्या सरसावल्या. इतकी वर्षं मुलगा-सून पुड्या फोडून गरम पाण्यात ढवळायचे आणि वर त्याला स्वयंपाक म्हणायचे. आता शेगडी पुन्हा तिच्या ताब्यात आली होती.

पण जेवायला बसलं की दोघांचे चेहरे सुतकी. "कसं झालंय?" विचारलं की "छान", तेही घास गिळून झाल्यावर.

आज मात्र बसचा ड्रायव्हर असलेल्या त्या मुलानं दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. "आई, आज सूप फक्कड जमलंय."

म्हातारी फुलली. मग तिनं स्वतः एक चमचा तोंडात घातला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या पातेल्यात हात कोणी घातला?"

मुलगा वाटीत बघू लागला. ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली होती, तेवढ्यात त्यानं लपवून ठेवलेली सूपची पुडी पातेल्यात रिकामी केली होती. "तू रोज आमच्या तोंडाकडे बघत बसतेस गं. म्हटलं, एक दिवस तुला बरं वाटेल."

"मला बरं वाटावं म्हणून स्वतःचा जीव धोक्यात घालतोस? आणि कौतुक कुणाचं केलंस? कारखान्याचं. माझं नुसतं नाव चिकटवलंस. बेचव होतं तर तोंडावर सांगायचं. मी काय काचेची आहे?"

"मी सांगते," सून म्हणाली. लाँड्रीत दिवसभर इस्त्री करणारी ही बाई घरात कधी उलटून बोलली नव्हती. "कांदा कच्चा राहतो, आई. मीठ कमी केलंय, तर तो चांगला लाल तरी व्हायला हवा. तुम्हाला दम धरवत नाही."

जन्मभर म्हातारीची घाई मिठानं झाकली होती.

"मग इतके दिवस तोंडात काय गुळणी धरली होतीस?" एवढंच तिला सुचलं.

तिनं पातेलं मोरीत ओतलं. अन्न टाकताना जीव तुटला, म्हणून आणखीच चिडली. सुनेपुढे कांदे आपटले, मुलाच्या हातात उलथनं दिलं.

"आई, ड्युटी आहे मला."

"पुडी फोडायला वेळ होता ना? आता कांदा परत."

कांदा पांढऱ्याचा गुलाबी व्हायलाच किती वेळ लागला. म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती, पुटपुटत दोघांचा उद्धार करत होती. पण शेगडीची आच काही तिनं मोठी केली नाही.