वसुलीचा बँड

वच्छलाबाईंनी ओट्यावर खुर्ची आणून ठेवली, पदर सावरला आणि फर्मावलं, "दयारामभाऊ, आता एक लग्नातलं वाजवा. पोरगी सासरी जाताना वाजोता, थे."

वास्तविक नगरपरिषदेने बँडवाल्या दयारामला तिथे पाठवलं होतं ते बाईंना लाज वाटावी म्हणून. त्यांची घरपट्टी थकली होती. मार्च महिन्यात थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवायचा, शेजारीपाजारी जमले की घरधनी ओशाळून पैसे भरतो, असा रीतसर ठराव होता. शेजारीपाजारी जमलेही. पण ते बसायला चटया घेऊन आले होते.

दयारामने डोळे मिटून क्लॅरिनेट ओठांना लावली. जिनिंगच्या गिरणीतून उडालेला कापूस दुपारच्या उन्हात तरंगत होता. तो खाली यायचं विसरला असावा. सोबत आलेला वसुलीचा कारकून भिंतीला टेकला आणि सुखाने पेंगला. सूर थांबला तेव्हा वच्छलाबाईंनी डोळे टिपले, सगळ्यांना चहा पाजला आणि पैसे पुढच्या आठवड्यात भरते म्हणाल्या. "म्हंजे तुम्ही परत येसान."

दयारामचा जीव या वसुलीत अडकला होता. त्याची मुलगी योगिनी पदवी घेऊन कधीची घरी बसली होती, आणि नगरपरिषदेत कारकुनांच्या जागा त्याहून आधीपासून रिकाम्या होत्या. सभेत विरोधक म्हणत, आधी गावच्या पोरांना जागा द्या, मग कर मागा. सत्ताधारी म्हणत, आधी कर द्या, म्हणजे पगाराला पैसे येतील. दोन्हीकडची भाषणं इतकी पटण्यासारखी होती, की दयाराम शेवटी ज्याचं ऐके त्याचा होऊन घरी येई. अखेर तडजोड झाली. मार्चअखेर वसुली झाली, तर जागा भरायच्या आणि गावातल्याच मुलांनी भरायच्या.

तेव्हापासून दयारामला थकबाकीदाराचं प्रत्येक दार योगिनीच्या ऑफिसचं दार वाटू लागलं. तो जीव ओतून वाजवू लागला. वसुली आणखी घटली. ज्यांनी कर वेळेवर भरला होता ते तक्रार करू लागले, की आमच्या दारात बँड काऊन येत नाही.

एका संध्याकाळी योगिनी त्याला वाढता वाढता म्हणाली, "बाबा, तुम्ही लय गोड वाजवता."

"मंग?"

"मंग लोक पैसे काऊन भरतीन? बेसूर वाजवा."

दयाराम हसला. ती हसली नाही.

"मले बेसूर येत नाही बाई."

"शिका," योगिनी म्हणाली. "माह्यासाठी."

तो नाल्याकाठी जाऊन शिकला. पोहणाऱ्याने बुडायला शिकावं तसं ते अवघड गेलं. शरीर दर वेळी आपोआप वर यायचं. मग एका सकाळी उकंडरावांच्या दारात त्याने पहिला सूर सोडला, आणि ओसरीतली कुत्री उठून गेली. याच दयारामने उकंडरावांच्या वरातीत वाजवलं होतं. उकंडराव कानांवर हात ठेवून अनवाणीच नगरपरिषदेत पोचले आणि कारकुनाला म्हणाले, पावती मागाहून फाडा, पहिले त्याले थांबवा. पुढच्या आठवड्यात बँडचा ऑटो गल्लीच्या तोंडाशी वळला की लोक खिसे चाचपू लागले.

मार्चअखेर वसुली झाली. दोन्ही बाजूंनी श्रेयाचे फलक लावले. योगिनीला करविभागात अकरा महिन्यांच्या करारावर घेतलं. ऑर्डर हातात घेऊन ती बापाच्या पाया पडली आणि बराच वेळ उठली नाही.

वैशाखात उकंडरावांच्या मुलीचं लग्न निघालं. बँड मलकापूरहून ठरला. सांगायला उकंडराव स्वतः आले.

"दयाराम, तुह्या हाताले मी नाव ठेवत नाही. पन तुही क्लॅरिनेट दारात वाजली तं लोक म्हनतीन, या घरचा कर राह्यला. पोरीच्या सासरचे हायेत गड्या. काय समजतीन?"

"हाव," दयाराम म्हणाला. "बरोबर हाय."

"तू पाहुना म्हनून ये. येजो नक्की."

तो गेला. त्याला टॉवेल-टोपी दिली आणि हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. आजवर वऱ्हाड जेवून उठल्यावर, भांडी आवरता आवरता कोणीतरी बँडवाल्यांना मांडवामागे हाक मारायचं. आज वाढपी समोर वाकून सावकाश होऊ द्या म्हणाला. दयारामने भाताला आळं केलं, वरण पडलं, आणि त्याने चटकन बोटं मागे घेतली. लग्नातलं वरण इतकं गरम असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.