आईच्या नावाच्या गोळ्या

सकाळी लेकीच्या हातून दुधाचा कप सुटून फुटला, आणि आई लेकीकडे न जाता आधी दाराकडे धावली. आवाज शेजारी गेला असेल या धास्तीनं तिनं दार लावून घेतलं. मग वळली.

"परवा पाहुणे बघायला यायचेत आणि तू अशी थरथरतेयस. एवढं काय घाबरायचं?"

"हात ऐकतच नाहीत गं," लेक म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. कालपासून पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. आईनं ते सगळं स्थळाच्या काळजीवर ढकललं.

तीन वर्षांपूर्वी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, या पोरीचं मन ताळ्यावर राहिलं नव्हतं. आठवडाभर ती झोपली नाही, अखंड बोलत राहिली. मग महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडली. परगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पोर माणसांत आली. गोळ्या नेमानं घेतल्या तर चारचौघींसारखी जगेल, असं त्यांनी सांगितलं होतं. पण आईच्या डोक्यात एकच प्रश्न घुमत राहिला: हिच्याशी लग्न कोण करणार? साधा ताप आला तर गल्लीभर सांगत सुटणारी माणसं आपण, मनाचं दुखणं मात्र सात पडद्यांआड ठेवतो. स्थळाकडची मंडळी मुलीच्या घराआधी तिच्या दवाखान्यात चौकशी करतात, हे आई ऐकून होती. म्हणून तिनं गोळ्यांचं रिकामं पाकीट गल्लीतल्या डॉक्टरांपुढे ठेवलं आणि सांगितलं, "या माझ्या." लेकीची सगळी लक्षणं तिनं स्वतःची म्हणून घडाघडा सांगितली. कार्ड आईच्या नावाचं झालं. वडिलांनी मान डोलावली, आणि सोंग छान वठलं.

मागच्या वर्षी दवाखान्यात नव्या सिस्टर आल्या. त्यांनी जुनी कार्डं उपसली आणि नियम लावला, की या गोळ्या घेणाऱ्यांचं रक्त ठरावीक दिवसांनी तपासायचं. आईनं निमूट हात पुढे केला. रक्तात औषध सापडलं नाही.

"गोळ्या नेमानं घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक दिवस चुकला नाही," आई म्हणाली. लेकीला ती रोज समोर बसवून गोळी देत होती, त्यामुळे हे सांगताना तिची जीभही अडखळली नाही. औषध अंगाला लागत नसेल, असं समजून डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढच्या वेळी रक्तात पुन्हा काही नाही, म्हणून पुन्हा वाढवली.

आज तिसरा रिपोर्ट आणायचा होता. लेकीला एकटं सोडवेना, म्हणून आईनं तिलाही बरोबर घेतलं. पोरीचे पाय वाकडेतिकडे पडत होते. आई तिचा दंड घट्ट धरून, ओळखीचं कुणी दिसलं की हसत, चालत राहिली. दवाखान्याच्या बाकावर परवा बघायला येणाऱ्या मुलाची मावशी गुडघा चोळत बसली होती.

"माझं ब्लडप्रेशर दाखवायचंय," आईनं कुणी न विचारताच सांगून टाकलं आणि लेकीला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं.

आत सिस्टरनी दार लोटून घेतलं. "काकू, तिसऱ्यांदा तेच. एवढ्या गोळ्या घेणाऱ्याचं रक्त असं असूच शकत नाही. मी रागावणार नाही. खरं सांगा, या गोळ्या कोण घेतं?"

"मीच घेते."

"बरं. मग नीट ऐका. डॉक्टर आज आणखी वाढवणार होते, मी थांबवलंय त्यांना. घरात दुसरं कुणी हे औषध घेत असेल, तर ते त्या माणसाच्या अंगात विषासारखं साठलं असेल. आधी हात थरथरतात, उलट्या होतात. मग जीभ जड होते, पाय लटपटतात. त्यानंतर झटके येतात, आणि माणूस हाती लागत नाही."

सकाळचा फुटलेला कप आईच्या डोळ्यांपुढे आला. आणि तरीही तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की पोरीला गुपचूप घरी न्यावं, आजपासून गोळ्या बंद कराव्यात, परवाचा दिवस कसाबसा निभावून न्यावा. तिला नावं ठेवायची घाई करू नये. तिला हे शिकवलं ते आपणच.

"आणि नुसत्या गोळ्या बंद करून भागायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल. आजच."

तेवढ्यात बाहेरून मावशीचा आवाज आला. "अहो, जरा या इकडे. ही मुलगी कशी करतेय बघा."

आई धावली. लेक खुर्चीतून खाली घसरली होती. डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. सगळा बाक वळून बघत होता.

"काय होतंय हिला?" मावशीनं विचारलं. "हिला काही आहे का?"

ऊन लागलं, हे उत्तर आईच्या जिभेवर तयार होतं. अशी उत्तरं तिनं तीन वर्षं घडी घालून ठेवली होती. तिनं लेकीचा चेहरा ओंजळीत धरला. तो थंडगार लागला, आणि जगाची भीती त्या एका स्पर्शापुढे फिकी पडली.

"आहे," ती म्हणाली. "मनाचा आजार आहे हिला. सिस्टर, त्या गोळ्या हिच्या आहेत. रक्त मी माझं देत होते."

सिस्टरनी एकही प्रश्न न विचारता लेकीला कुशीवर वळवलं आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला. मावशी गुडघेदुखी विसरून उठली आणि तरातरा बाहेर पडली. आईचं तिकडे लक्षही नव्हतं.

तीन दिवस हॉस्पिटलात उपचार चालले. तीन दिवस आई खाटेला चिकटून पोरीचे श्वास मोजत राहिली. मध्ये कधीतरी वडिलांनी दारात उभं राहून सांगितलं, की स्थळाकडून नकार आलाय. तिनं श्वास मोजणं थांबवलं नाही.

चौथ्या दिवशी लेकीला नीट शुद्ध आली. संध्याकाळी सिस्टर ड्यूटी संपवून भेटायला आल्या. येताना त्यांनी नवं कार्ड आणलं होतं. लेकीनं ते हातात घेतलं आणि त्यावरचं स्वतःचं नाव बराच वेळ वाचत राहिली. मग तिनं हळूच विचारलं,

"आई, मी गेले असते, तर मृत्यूचा दाखला तरी माझ्या नावानं काढला असतास ना?"

ज्या घरांत आजही एकाच्या गोळ्या दुसऱ्याच्या नावावर चालल्या आहेत, त्यांनी या प्रश्नाचं उत्तर आत्ताच शोधून ठेवावं.