परडीभर कळ्या

नाना म्हणाले, "देवाक इचारूया," आणि माझं डोकंच फिरलं.

चार वर्षं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकले ती काय यासाठी? हैदराबादच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली होती. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, आणि माझे वडील आठवडाभर मिठाची गुळणी धरून बसले होते. जा म्हणेनात, राहा म्हणेनात. होडी घेऊन जायचे, मासळी देऊन यायचे, जेवायचे आणि जाळं दुरुस्त करत बसायचे. आई गेल्यापासून तोंडवलीच्या घरात आम्ही दोघंच. मी गेले की ते एकटे उरणार, हे काय मला कळत नव्हतं? मालवणातल्या एका कॉम्प्युटर क्लासने शिकवायला बोलावलं होतं. नानांच्या मनात तेच असणार, याची मला खात्री होती. स्वतःच्या तोंडाने नको म्हणवत नाही, म्हणून देवाला मध्ये घातला. नानांशी मी भांडले असते. देवाशी कशी भांडणार?

कौल लावायचा म्हणजे गुरव मूर्तीला दोन ओल्या कळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ऋता मॅडमच्या तासाला आम्ही नाणेफेक करायचो तीच ही, फक्त नाणं सोवळ्यातलं. शक्यता निम्मी.

ऋता मॅडम आम्हाला संभाव्यता आणि संख्याशास्त्र शिकवायच्या. नाणं उडवणारा प्रोग्रॅम लिहा आणि नाणं खरं की खोटं ते सांगा, असं एकदा त्यांनी दिलं होतं. आमच्या प्रितमने हवा तसा आलेख येईपर्यंत प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालवला आणि तेवढाच नेऊन दाखवला. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रितम, हा आलेख नाण्याबद्दल काहीच सांगत नाही. तुला काय हवं होतं, तेवढं सांगतो." सगळा वर्ग हसला. मीही हसले.

रविवारी सकाळी नानांनी तगरीच्या कळ्या खुडल्या. परडी काठोकाठ भरली तरी हात थांबेना.

"नाना, दोनच लागतत," मी म्हटलं. आवाजात राग होताच.

"आसांदेत," ते म्हणाले.

देवळात सत्यवान गुरव वाटच बघत होता. त्याने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हाराजा, ह्या चेडवाक हैदराबादेक नोकरी मिळाली हा. तिका धाडूचा काय? धाडूचा आसात तर उजवो दी."

डावी पडली.

निम्मी शक्यता मला ठाऊक होतीच. मी चपला घालायला वळले.

"सत्यवाना, परत लाव," नाना म्हणाले. नकार आला तर प्रश्न फिरवून विचारायची आमच्याकडे मुभा आहे. "सांग त्येका, चेडू कायमचा जाणा नाय. चवथीक घराक येतला."

पुन्हा डावी.

"परत लाव. माझी काळजी करू नको म्हणान सांग. माका जेवाण करूक येता."

माझे वडील देवासमोर धडधडीत खोटं बोलत होते. साधा भात करायला घेतला तरी करपवतात. देवालाही ते पटलं नसावं. डावीच पडली.

सत्यवानाने हात जोडले. "नाना, देवाच्या मनात नाय दिसता."

"त्येका नीट समाजला नसात," नाना म्हणाले आणि परडी त्याच्यापुढे सरकवली. "लाव."

आम्ही तिघंही बघत राहिलो. उजवी कळी जरा हलली, घरंगळली आणि देवाच्या पायाशी पडली.

"उजवो दिल्यान!" सत्यवान म्हणाला.

"पुरे! आता इचारू नको," नाना घाईघाईने म्हणाले, आणि त्यांनी देवापुढे डोकं टेकलं.

मी सवयीने हिशेब केला. एका खेपेला निम्मी शक्यता, दोन खेपांत एकदा तरी उजवी पडायची पाऊण, चार खेपांत सोळात पंधरा. मग माझी नजर परडीवर गेली. परडी अजून भरलेलीच होती, आणि मला प्रितमचा आलेख आठवला.

बाहेर पायरीवर मी विचारलं, "नाना, चौथ्या खेपेकव डावोच पडलो असतो तर?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चपला शोधत म्हणाले, "कळे मोप होते."

मी तिथेच पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. आठवडाभर या माणसावर मी चिडले होते.

"आता रडतंस कित्याक गो?" नाना गोंधळून म्हणाले. "देवान जा म्हणान सांगल्यान ना?"

"व्हय नाना," मी डोळे पुसत म्हटलं. "देवानच सांगल्यान."