ओवलेल्या सुया

लिंबाजीची बायको गेली, आणि तिच्यामागं त्याच्या एकुलत्या एक लेकीला, भागूला, पहिला मुलगा झाला. नातवाचं बोरन्हाण संक्रांतीनंतर पालमला, भागूच्या सासरी, व्हायचं होतं. बोरन्हाणाचं काळं झबलं आणि हलव्याचे दागिने आजोळाहून यायचे, ही रीत. आजोळी आजी नाही म्हणून रीत थोडीच थांबते? भागूची सासू धुरपताबाई हिनं निरोपातच सांगून ठेवलं होतं, "इवायाच्या घरी बाईमाणूस न्हाई, आमाला ठावं हाय. न्हाई जमलं तर आमचं आमी बघू."

बोलणं वरून मऊ होतं, पण आतला काटा लिंबाजीला बरोबर लागला. 'आमचं आमी बघू' म्हणजे भागूला जन्मभर ऐकवायची सोय. ताडकळसच्या शिंप्याकडून शिवून न्यावं, तर धुरपताबाई झबलं उलटं करून शिलाई बघणार आणि चार बायांत म्हणणार, मशिनीची टीप हाय, आजोळची माया न्हाई.

तो शेजारच्या कडूबाईकडे गेला. कडूबाईचा नवरा लिंबाजीचा जिवाभावाचा सोबती. तो प्लेगात गेला तेव्हापासून दोन घरांत एक बुटकी भिंत आणि उसनवारीचं मीठ-पीठ एवढाच व्यवहार उरला होता. गावात तिच्यासारखा टाका कुणाचा नव्हता.

"वैनी, एवढं शिवून द्या."

कडूबाईनं हात पदराआड घेतला. "भावजी, येडे का काय तुमी? लेकराचं पहिलं झबलं, अन् त्याला रांडमुंडीचा टाका? मी हात लावणार न्हाई. तुमी शिवा. मी सांगते."

"म्या? माझ्या हातात नांगराचं रुमणं शोभतं."

"रुमण्यालाबी सरळच चालावं लागतं. सुईला तेवढंच कळायला पायजे."

असा लिंबाजी शिकायला बसला. आधी गोणपाटाच्या तुकड्यावर धावदोरा. कडूबाई ओसरीच्या कडेला, हातभर लांब बसायची आणि तिथूनच बोलायची. "मुंग्याची रांग असती तसा टाका पडावा. ही रांग न्हाई, हा मोर्चा हाय." लिंबाजी उसवायचा, पुन्हा घालायचा. मग कापडाची चौघडी, गळ्याचा काप, बाहीची तिरकी तुरपाई, पाठीला बांधायचे बंद. कापडाला तिनं एकदाही बोट लावलं नाही. लिंबाजीची नजर मात्र जवळची उरली नव्हती. सुईचं नाक त्याला दिसायचंच नाही. तेवढं एक काम कडूबाई करायची. सकाळी येऊन एका चिंधीत सुया ओवून टोचून ठेवायची. "दोरा ओवणं म्हंजे शिवणं न्हवं," ती स्वतःचीच समजूत घालायची. "एवढ्यानं काय इटाळ होत न्हाई."

हलव्याचंही तसंच. लढाईमुळं साखर कंट्रोलची. गावच्या पाटलाच्या पाया पडून लिंबाजीनं थोडी मिळवली. पहाटेच्या कोरड्या थंडीत शेगडीवर परात ठेवायची, तिळावर चमचा चमचा पाक सोडायचा आणि उघड्या बोटांनी हलवत राहायचं. आच चढली की हलवा पिवळा पडतो, हात थांबला की गोळा होतो. पहिला घाणा कडूबाईनं लांबूनच पाहिला आणि म्हणाली, "बैलाला घाला, तोबी इचार करंल." दुसऱ्या घाण्याला मात्र बारीक, पांढरा काटा आला. लिंबाजी त्या दाण्यांकडं जोंधळ्याच्या पहिल्या कणसाकडं बघावं तसा बघत राहिला. मग एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत धरून त्यानं हार केला, कडी केली, काळ्या कापडाच्या पट्टीवर दाणे शिवून मुकुट केला. मुकुट जरा वाकडाच झाला.

गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, उतारातून गाडी नेताना त्यानं हलव्याचा डबा डोक्यावर धरला. ओल लागली तर काटा गळतो.

पालमला बायका माजघरात जमल्या होत्या. लिंबाजी ओसरीवर व्याह्यापाशी, गावचा सारा वसूल करणाऱ्या माणिकराव माली पाटलापाशी, टेकला. आतून भागूचा आवाज आला आणि तो पानाला चुना लावायचा थांबला.

"आत्याबाई, बघा तरी तुरपाई. अशी तिरकी तुरपाई आमच्या कडूकाकूचीच. टाका वळखू येतो."

कितीतरी दिवसांनी ती एवढी खुशीत बोलत होती. माहेरचं काहीतरी तिला चार बायांत मिरवता आलं होतं.

"कडूकाकू कोण?" धुरपताबाईनं विचारलं.

"आमच्या शेजारच्या."

"सवाष्ण हाय?"

बायकांची कुजबुज थांबली. मग धुरपताबाई दाराशी आली आणि पदर सावरून म्हणाली, "इवाई, झबलं कुणी शिवलं?"

"म्या शिवलं," लिंबाजी म्हणाला.

आत हशा पिकला. माणिकरावही हसला. "काय इवाई, जमीन इकली का काय? शिंपीकाम धरलं?"

"खरंच म्या शिवलं. हलवाबी म्याच केला. ही बघा बोटं." त्यानं बोटं पुढं केली. पण कुणब्याची बोटं ती. घट्ट्यांत आणि चिरांत भाजल्याची खूण कुठं शोधायची?

"भागू," धुरपताबाई म्हणाली, "तुझ्या बापाला शिवताना तू कदी पाह्यलंस?"

भागूनं बापाकडं बघितलं. ती खोटं बोलणारी पोर नव्हती. "न्हाई," ती म्हणाली. "म्या तर न्हाई पाह्यलं."

धुरपताबाईनं आतून सुई आणि दोरा मागवून ओसरीच्या उंबऱ्यावर ठेवला. "घाला चार टाके. आमीबी तारीफ करू."

लिंबाजीनं सुई उचलली. दोरा तोंडात ओला केला. तो एकदा सुईच्या नाकाच्या डावीकडून गेला, एकदा उजवीकडून. लिंबाजी उजेडाकडं वळला, डोळा बारीक केला. दोऱ्याचं टोक पिंजारलं. बायका आता हसतही नव्हत्या.

"एवढी ओवून द्या कुणी," तो शेवटी म्हणाला, "मग दावतो शिवून."

"घरी कोण ओवून देतं?"

लिंबाजीच्या लक्षात यायच्या आत उत्तर तोंडातून गेलं होतं. "कडू वैनी. रोज सकाळी येऊन ओवून ठिवतात."

"रोज सकाळी," धुरपताबाई सावकाश म्हणाली. माणिकरावानं पानाचा डबा बंद केला आणि दुसरीकडं बघितलं.

"तिनं कापडाला बोटसुदीक लावलं न्हाई," लिंबाजी म्हणाला. "तिचंच म्हणणं होतं, की लावू न्हाई."

"मंग सगळं ठावं हाय की तिला. भागू, काढ ते लेकराच्या अंगावरचं."

बंदाची गाठ भागूनं स्वतः सोडली. धुरपताबाईनं पेटीतून दुसरं झबलं आणलं. ते आधीच शिवून ठेवलेलं होतं, मशिनीच्या टिपेचं. हलवा गाईपुढं टाकायला निघाला. पोराच्या डोक्यावरून बोरं, उसाची कांडकी, चुरमुरे ओतले गेले, पोरांनी लुटले, बायकांनी ओवाळलं. लिंबाजी ओसरीवर होता तिथंच बसून होता.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपताना भागू बाहेर आली. झबल्याची घडी तिनं बापाच्या हातात दिली.

"आबा, काकूला आता घरी यिऊ दिऊ नका."

"भागू, तुला तरी..."

"मला काय वाटतं ते इचारू नका. मला हितं नांदायचंय."

घरी पोचला तेव्हा कडूबाई भिंतीपलीकडं जोंधळे निवडत होती. ती लगबगीनं उठली.

"बसलं का झबलं?"

"बसलं."

"गळा मोठा तर न्हाई झाला? मला धाकधूक होती."

"बराबर झाला."

"अन् हलव्याला काय म्हणल्या बाया?"

"लय नावाजला."

कडूबाईचं तोंड उजळलं. तिनं भिंतीवरून चिंधी पुढं केली. तीत सुया टोचलेल्या, प्रत्येकीत लांब दोरा. "दुपटं शिवायचं म्हणला होतात न्हवं लेकराला? ओवून ठिवल्यात."

लिंबाजीनं हात पुढं केला नाही. "आता नको, वैनी. मला आता दिसंना झालंय."

"दिसत तर आदीबी नव्हतं," ती हसत म्हणाली. आणि मग तिला त्याच्या काखेतली काळी घडी दिसली.

तिनं चिंधी मागं घेतली, पदर कपाळावर ओढला. दोऱ्याची चणचण होती, वाया घालवून चालण्यासारखं नव्हतं. भिंतीशी उभी राहूनच तिनं एकेका सुईतून दोरा ओढून काढला, बोटाभोवती गुंडाळला आणि घरात जाऊन कडी लावली.