सिस्टरांच्या गाडीतलं पाणी

"परत लागला बघा दिवा," सत्यशीला सिस्टर गाडीतून न उतरताच म्हणाल्या.

त्रिंबकनं खिडकीतून आत वाकून पाहिलं. डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा जळत होता. गाडी सुरळीत चालू होती, आवाजात खोट नव्हती, धूर नव्हता. तरी दिवा होताच. दोन महिन्यांतली ही तिसरी खेप.

चिकलठाण्याला जालना रोडपासून थोडं आत त्रिंबकचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक कडुनिंब आणि तीस वर्षं ऑइल पिऊन काळी पडलेली जमीन. समोर बारा मजली इमारत उठत होती. तिच्या फलकावर निळाशार पोहण्याचा तलाव रंगवला होता, आणि त्याच फलकाच्या सावलीत मजुरांच्या बायका रिकामे ड्रम घेऊन टँकरची वाट बघत बसल्या होत्या. लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही नशीब असेल तर.

सिस्टरांची गाडी चौदा वर्षांची. नवऱ्यानं हौसेनं जुनी घेतलेली. तो जाऊन तीन वर्षं झाली. सरकारी नर्स म्हणून निवृत्त झालेल्या सिस्टर आता एकट्याच ती चालवायच्या.

"पोरगा म्हणतो, विकून टाक," त्या उतरत म्हणाल्या. "जुन्या गाडीचं असंच असतं म्हणे."

"पुण्यात बसून सांगायला काय जातं त्याला? अंगात ताप दिसला की माणूस दवाखान्यात न्यायचा असतो, मसणात नाय."

सिस्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "मधेच बंद तर नाही पडणार ना? मला लांब जावं लागतं."

त्रिंबकनं बॉनेट उघडलं नाही. कडुनिंबाखाली उकिडवा बसून तो विचार करत राहिला. शेजारच्या खंडेरावाच्या बिघाड शोधणाऱ्या मशीननं दोन्ही वेळा एकच सांगितलं होतं : सायलेन्सरच्या नळीतला मागचा सेन्सर. पहिल्यांदा दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं तो बदलला. दुसऱ्यांदा खुद्द त्रिंबकनं बदलला. दोन-तीन आठवडे दिवा विझला आणि पुन्हा लागला. दोन नवे सेन्सर एकाच रोगानं कसे मरतील? म्हणजे रोग सेन्सरात नव्हताच. मशीननं दुखतंय कुठं ते सांगितलं होतं, कशानं ते नव्हतं सांगितलं.

मग त्यानं सेन्सरच्या वायरीचा माग काढायला सुरुवात केली. वायर खालून वर येऊन, पत्र्याला पाडलेल्या भोकातून गाडीच्या आत शिरत होती. त्यानं डाव्या बाजूची पुढची सीट खोलून बाहेर काढली, गालिचा उचलला. खालच्या जाड कापडी थरावर, नमद्यावर, हात ठेवला आणि तसाच थबकला.

नमदा ओला होता. नुसता ओला नव्हे, दाबला की बोटांमधून पाणी निघत होतं. त्या ओलीत वायरीचा जोड पडला होता. तो उघडला तर आतल्या पिना गंजून हिरव्या पडलेल्या. नवा सेन्सर आला की जोडाचा अर्धा भाग नवा यायचा, तेवढ्यापुरता दिवा विझायचा, आणि ओल पुन्हा आपलं काम करायची.

रोग सापडला होता. पण त्रिंबकला कोडं पडलं. आठ महिन्यांत पावसाचा थेंब नाही. गाडीचा एसी तर कधीचाच बंद. रेडिएटरचं असेल म्हणून त्यानं बोटं चोळून वास घेतला. तो वासही नव्हता. साधं पाणी, कडेला क्षारांची पांढरी रेघ सोडून गेलेलं.

"सिस्टर, गाडीत पाणी कुठून येतंय?"

"बाटली सांडली असेल एखादी."

"एका बाटलीचं काम नाय हे. डॉक्टरपाशी अन् मेस्तरीपाशी काही लपवू नये म्हणत्यात. तुम्हाला मी काय सांगावं?"

सिस्टरांनी पदरानं मान पुसली. "दर मंगळवारी कॅन नेते. सात मागं बसतात, एक इथं पायापाशी ठेवते. त्याचं झाकण नीट लागत नाही."

"कुठं नेता?"

"कन्नडच्या रस्त्याला, फाट्यावरून आत एक वाडी आहे. केसरबाई म्हणून म्हातारी आहे, एकटी. माझ्या वाट्याचं पाणी आहे, भाऊ. मला एकटीला कितीसं लागतं?"

त्रिंबकनं सडलेली वायर कापली, नवा जोड सोल्डरनं डाकून लावला, त्यावर रबरी नळी चढवली आणि तो खालून उचलून सीटच्या चौकटीला उंच बांधला. नमदा उन्हात टाकला, तो अर्ध्या तासात पापडासारखा कडक झाला. खंडेरावाच्या मशीननं जुनी नोंद पुसून घेतली, आणि दिवा विझला.

"पण हे खरं समजायचं नाय," तो म्हणाला. "भरल्या गाडीनं, कच्च्या रस्त्यावर बघावं लागंल. उद्या मंगळवारच हाय. मी येतो संगं."

सकाळी आठलाच ऊन भाजत होतं. शहर मागं पडलं तसं दोन्ही बाजूंना उघडी ढेकळं दिसू लागली. त्रिंबकचं एक लक्ष दिव्याकडे, एक पायापाशी बांधून ठेवलेल्या कॅनकडे. त्याला त्यानं घट्ट बसणारं झाकण शोधून आणलं होतं.

"केसरबाई तुमची कोण लागती?" त्यानं विचारलं.

"कोणीच नाही." सिस्टरांनी एक खड्डा चुकवला. "माझी पहिली नेमणूक तिथं होती. तेवीस वर्षांची होते. तिच्या सुनेचं बाळंतपण अडलं होतं. मूल पायाळू. चार तास झटले. पोरगं रडलं तशी केसरबाईनं माझ्या या हातांतून त्याला उचललं, छातीशी धरलं. मला घशाला कोरड पडलेली. पाणी मागितलं. ती म्हणाली, अंगणात या. ओंजळ करायला लावली अन् वरून ओतलं. नातू चालला माझ्या हातचा, लोटा नाही चालला."

त्रिंबकनं कॅनचं झाकण पुन्हा आवळलं.

"तोच नातू आता वाळूजला कंपनीत आहे. लेक-सूनही तिकडंच. गेल्या वर्षी एका लग्नाहून परत येताना फाट्यावर थांबले, तर ही टँकरच्या गर्दीत रिकामी घागर धरून उभी. लोक ढकलत होते तिला. मला वाटलं, बघून बरं वाटेल." त्यांनी गिअर बदलला. "नाही वाटलं."

त्रिंबकला त्याची आई आठवली. मेंढरं बसायची त्या रानात चर खणायला माणसं यायची, दुपारी पाणी मागायची. आठ वर्षांचा त्रिंबक तांब्या घेऊन जायचा. आई मागून सांगायची, 'उंच धर.' तो दोन्ही हातांनी उंच धरायचा. एक थेंब ओंजळीबाहेर सांडायचा नाही, म्हणून आई त्याचं कौतुक करायची. हे सिस्टरांना सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं. पण सांगून आपलं ओझं तेवढं हलकं होईल, त्यांचं काय होणार, असं वाटून तो गप्प बसला.

वाडीचा रस्ता खडी उखडलेला. गाडी दणके खात गेली. दिवा लागला नाही. त्रिंबकला एरवी अशा वेळी जो आनंद व्हायचा, तो झाला नाही.

केसरबाई दारातच होती. वाळून काटकी झालेली, डोळ्यांवर हात धरून बघत. "हा कोण आणला, नर्सबाई?"

त्रिंबकनं नाव-आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. म्हातारीचा चेहरा फुलला. "आगं माय! म्हंजी आपलाच की! बस बाबा, खाटेवर बस." तिनं आतून लोटा आणला. त्रिंबक उन्हानं वाळला होता. त्यानं लोटा तोंडाला लावला आणि निम्मा संपवला. मग त्याला दिसलं, सिस्टर एकट्याच कॅन उतरवत होत्या. तो लोटा ठेवून धावला.

आठही कॅन आत लावून झाले. सिस्टर गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. केसरबाईनं लोटा चुलीच्या राखेनं घासला, नवं पाणी भरलं आणि अनवाणी, तापल्या मातीतून हळूहळू गाडीपर्यंत आली. पांढऱ्या केसांतून घाम ओघळत होता.

"घ्या, नर्सबाई."

"नको. तहान नाही."

"दर मंगळवारी असंच म्हणता. घ्या की. लोटा घासलाय."

"असू दे. उन्हात उभ्या राहू नका, आत जा."

त्या गाडीत बसल्या. त्रिंबकही बसला. गाडी वळून रस्त्याला लागली.

"खरंच नव्हती तहान?" त्यानं विचारलं.

"जीव चाललाय तहानेनं," सिस्टर म्हणाल्या. "तिला ते आठवतही नसेल."

"आठवत नसतं तर लोटा घासून आणला असता का?"

गाडीचा वेग कमी झाला, जवळजवळ थांबल्यासारखा. त्रिंबकनं बाजूच्या आरशात पाहिलं. धूळ खाली बसत होती. केसरबाई आत गेली नव्हती. गाडी उभी होती त्याच जागी, त्या उन्हात, ती भरलेला लोटा दोन्ही हातांत धरून उभी होती.