बरं, येतो

बापूने फोन आजोबांच्या तोंडापाशी नेला आणि मानेनेच ‘बोला’ अशी खूण केली. दुसऱ्या बगलेत कपडे वाळत घालायचा स्टँड होता, मिटलेला, आणि त्याचा एक पाय सारखा निसटून दाराच्या चौकटीवर आपटत होता. आजोबा फोनकडे वाकले. घसा साफ करून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यांदा काहीतरी बोलले.

फोनमधली भाषांतर करणारी बाई क्षणभर थांबली. मग स्वच्छ मराठीत म्हणाली, “तिचा डावा गुडघा आजारी आहे.”

बापूने आजोबांच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. आत कुणी म्हातारी बसलेली असेल असं त्याला वाटलं. पण आत टेबल होतं, खुर्च्या होत्या, खिडकी होती, माणूस नव्हतं. आजोबांनी जोरात मान हलवली, पुढे होऊन स्टँडचा डावा पाय धरला आणि त्याची बिजागरी उघडमीट करून दाखवली. ती अडकत होती.

“अच्छा, याचा गुडघा,” बापू म्हणाला. “चालेल. तेल घालीन.”

बाईने ते आजोबांच्या भाषेत सांगितलं. आजोबा हसले. हसताना त्यांची वरची कवळी खाली सरकली आणि त्यांनी ती जिभेने परत जागेवर बसवली. दुसऱ्या कुणाचं लक्ष गेलं नसतं, पण बापूचं पोटच त्यावर होतं. एका लॅबमध्ये तो दिवसभर कवळ्याच बनवायचा. हिरड्या झिजल्यात, कवळी सैल झालीय, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. बाईला आजोबांचं निम्मं बोलणं का समजत नाही, तेही कळलं.

स्टँड फुकट होता. नको असलेल्या वस्तू देऊन टाकायचं एक ॲप होतं. त्यावर आजोबांच्या भाचीने त्याचा फोटो टाकला होता. बापूला तो हवाच होता, कारण त्याचे शर्ट आजवर दाराच्या वरच्या कडेला लटकून वाळत. काम झालं, आता उगाच म्हाताऱ्याला दारात ताटकळत ठेवण्यात अर्थ नव्हता.

“बरं, येतो आजोबा,” तो फोनला म्हणाला.

बाईने भाषांतर केलं. बापू जिन्याकडे वळलाही होता. मागून आजोबांचा आवाज आला म्हणून तो थांबला. आजोबा उंबऱ्याबाहेर आले होते आणि काहीतरी विचारत होते.

“रविवार?” बाई म्हणाली.

रविवारच होता. वय झालं की वार लक्षात राहत नाहीत, बापूला वाईट वाटलं.

“हो हो, रविवार,” तो म्हणाला आणि स्टँड सावरत खाली उतरला.

बापू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी तो मोठ्यांच्या गप्पांत घुसून असली ठणठणीत मतं द्यायचा, की कुणीतरी म्हणालं, हा तर आमचा बापूच. तेच चिकटलं. शाळेत बोलल्याबद्दल वर्गाबाहेर, घरी बोलल्याबद्दल डोक्यात टपली. तोंडाला कुलूप लाव रे जरा, हे वाक्य त्याने जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. आणि आता हा माणूस परदेशात एका खोलीत राहत होता, आणि सोमवारी सकाळी लॅबमध्ये पहिला शब्द उच्चारताना त्याचा आवाज फाटत असे, कारण शनिवारपासून आईशी फोनवर हं-हो करण्यापलीकडे तो वापरलेलाच नसे.

त्याच आठवड्यात बहिणीचा निरोप आला, बोललेला. “दादा, माझ्या जावेचा भाऊ परदेशी निघालाय. रोजच्या रोज कुठली कुठली ॲप लागतात ते त्याला सांग ना जरा. तू काय, आता तिथला मुरलेला गडी.”

बापू बसची वाट बघत उभा होता. त्याने तिथेच बोलायला सुरुवात केली.

“हे बघ, बसचं एक. बस कुठल्या चौकात आहे ते दिसतं, कुणाला विचारावं लागत नाही. कचऱ्याचं एक, आज कुठला डबा बाहेर ठेवायचा ते सांगतं. इमारतीत कपडे धुवायचं मशीन असतं, त्याची वेळ धरायला वेगळं. बँकेचं, डॉक्टरचं. वाणसामान मागवलं की दारात ठेवतात, बेल वाजवतात, आपण दार उघडेपर्यंत तो माणूस खाली पोचलेलासुद्धा असतो. आणि भाषांतराचं. ते असलं की झालं. एकदम मजेत. तोंड उघडायचं कामच नाही बघ.”

पाठवून झाल्यावर त्याने स्वतःचं बोलणं परत ऐकलं. शेवटचं वाक्य त्याने बढाई म्हणून म्हटलं होतं. ऐकताना ती बढाई वाटेना.

लॅबमध्ये प्रत्येकाच्या कानात काहीतरी घातलेलं असे. मेण, प्लास्टर, वरचा, खालचा, उद्या. एवढ्या शब्दांवर त्याची तिथली वर्षं निभली होती. समोरच्या ट्रेमधून साचे येत, तो मेणात एकेक दात लावी, कुणाचे पुढचे दात किंचित वाकडे ठेवी म्हणजे ते खरे वाटावेत, आणि तयार कवळ्या डब्यांत जाऊन कुणाकुणाच्या तोंडात बसत. ती तोंडं पुढे भरपूर बोलत असणार. बापूला त्यातलं एकही ऐकू येत नसे.

दर रविवारी दुपारी तो आईला फोन करी.

“जेवलास?”

“हो.”

“खरं?”

“खरं गं. तुझं?”

“माझं काय, झालं.” मग थोडं इकडचं तिकडचं, शेजारणीचं पाय मोडणं, बहिणीच्या पोरांचे दिवे. बापूकडून हं, अच्छा, हो का. आणि मग आईचं ठरलेलं, “बरं, ठेवू का? बिल चढेल तुझं.” हा फोन फुकट असतो, हे त्याने तिला कितीदा समजावलं होतं. ती म्हणे, फुकट कधी काही असतं का.

“हं, ठेव,” तो म्हणे.

घरी कधी येतोस, हे बहीण विचारी. बापू म्हणे, बघतो. पहिल्या वर्षी रजा साठलेली नव्हती. दुसऱ्या वर्षी राहण्याच्या परवान्याचे कागद कचेरीत अडकले होते, देश सोडता येत नव्हता. यंदा कसलीच अडचण नव्हती, आणि तीच मोठी अडचण होती. घरी सगळ्यांना वाटत होतं, पठ्ठ्याची तिकडे चंगळ आहे. आपण जाऊ, गल्लीतली माणसं जमतील, सांग की रे बापू, म्हणतील, आणि आपल्याकडे सांगायला काही नसेल, या विचाराने तो तिकिटांचं पान उघडून पुन्हा मिटून टाकी. त्याला घरची आठवण इतकी यायची की कधीकधी तो फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राही. पण जायची भीती वाटायची. हे तो बहिणीला सांगू शकत नव्हता. आईला सांगायची वेळच आली नाही, कारण तिने कधी विचारलंच नाही. कधी येतोस, हा प्रश्न तिने त्याला एकदाही घातला नव्हता.

स्टँडला तेल घातलं, शर्ट वाळू लागले, आणि बापू आजोबांना विसरूनही गेला. महिना उलटला असेल. एका संध्याकाळी त्या देण्याघेण्याच्या ॲपवर भाचीचा निरोप आला. त्याने भाषांतराचं बटण दाबलं.

“नमस्कार. तुम्ही माझ्या मामाकडून स्टँड घेतला. तेव्हा तुम्ही म्हणालात की तुम्ही येत आहात, रविवारी. तो तेव्हापासून प्रत्येक रविवारी कॉफी ठेवतो आणि चांगला सदरा घालतो. तुमचा विचार बदलला असेल तर कृपया त्याला सांगा. माझे तो ऐकत नाही.”

बापूचं डोकंच तापलं. मी कधी म्हणालो? एका फुकटच्या, लंगड्या स्टँडपायी काय काय ऐकून घ्यायचं माणसाने? तो तसाच तणतणत खोलीवर आला. बूट काढता काढता त्याचा हात थांबला. त्याने भाषांतराचं ॲप उघडलं, दारात उभं राहून म्हणतात तसं सहज म्हणाला, “बरं, येतो.” बाई परक्या भाषेत काहीतरी बोलली. तेच त्याने उलटं फिरवून मराठीत मागितलं.

“ठीक आहे, मी येत आहे,” बाई म्हणाली.

“येतो हं,” बापू म्हणाला.

“मी येत आहे, होय.”

त्याला आधी हसू फुटलं. एका पायात बूट, एक पाय उघडा, आणि तो खो खो हसत पलंगावर बसला. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. खोलीत कुणी नव्हतं. हसू ओसरलं तसं त्याला बाकीचे आठवू लागले. केस कापणारा. औषधांच्या दुकानातली बाई. ग्रंथालयाच्या दारातला रखवालदार. सगळ्यांना त्याने निघताना फोनवरून बजावून सांगितलं होतं, बरं, येतो. आणि पहिल्या खोलीची घरमालकीण. सामान बाहेर काढून त्याने तिला किल्ली परत केली, येतो मावशी म्हणाला, तर तिने ती किल्ली पुन्हा त्याच्याच हातात कोंबली होती. बाईचं काहीतरी बिनसलंय असं समजून तो ती टेबलावर ठेवून निघून आला होता.

तोंडभर वचनं देत तो शहरभर हिंडला होता. आणि बाईची त्यात काही चूक नव्हती. तो जे म्हणाला तेच ती म्हणाली होती.

रविवारी तो गेला, ते समजावून सांगायला. माणसाला फसवून ठेवणं बरं नव्हे. आजोबांनी दार उघडलं. सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली होती. ते बाजूला झाले. बापू बसला आणि लगेच फोन काढला.

“आजोबा, चूक झाली. आमच्याकडे निघताना ‘येतो’ म्हणतात. म्हणजे निघालो, एवढंच.”

बाईने ते सांगितलं. आजोबांच्या चेहऱ्यावरून काही बोध झालेला दिसेना. बापूने वाक्य फिरवून सांगितलं. बाईने आणखी घोळ घातला. शेवटी तो उठला. दारापर्यंत गेला, वळून हात हलवला, “येतो,” म्हणाला, बाहेर पडला आणि दार ओढून घेतलं. जिन्यावर उभं राहून त्याने पाचपर्यंत आकडे मोजले. मग दार उघडून आत आला, हात हलवला आणि पुन्हा म्हणाला, “येतो.” बालवाडीच्या बाईसुद्धा एवढा अभिनय करत नाहीत.

आजोबांनी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. फोन स्वतःकडे ओढून सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले.

“जाताना, येतो?” बाई म्हणाली.

“हो.”

“आणि येताना?”

“येतानाही येतोच.”

आजोबांनी जरा विचार केला.

“मग तुमच्या देशात कोणी कधी जातच नाही का?”

“जातात,” बापू म्हणाला. “फक्त म्हणायचं नसतं.”

आजोबांनी कप त्याच्यापुढे सरकवला. त्यांनी बोललेलं पुढचं वाक्य बाईने सपाट आवाजात सांगितलं. “म्हणजे तुम्ही येणार नव्हतात.”

नेमकं हेच सांगायला तो आला होता. आजोबा त्याच्याकडे बघत नव्हते, कपातल्या चमच्याकडे बघत होते.

“नव्हतो,” बापू म्हणाला. “पण आता आलोय ना.”

मग तो बसला, आणि बोलला. आधी कवळ्यांबद्दल, मग लॅबबद्दल, मग गल्लीबद्दल, शाळेत वर्गाबाहेर उभं राहण्याबद्दल, शेजारणीच्या मोडलेल्या पायाबद्दल. बाई मध्येच दमून काहीबाही सांगत होती, एकदा तिने त्याला ‘मजबूत मुलगी’ म्हटलं, तरी त्याचं चालूच. आजोबा हसत, कवळी सरकवत, मध्येच आपलं काहीतरी सांगत. किती वेळ झाला कळलं नाही. उठला तेव्हा त्याचा जबडा दुखत होता.

दारात मात्र त्याची पंचाईत झाली. काय म्हणायचं? ‘जातो’ म्हणायला जीभ वळेना. फोन हातात धरून तो नुसता उभा राहिला. आजोबाही उभे.

“येतो,” तो शेवटी म्हणाला. बाईने सांगायचं ते सांगितलं. आजोबांनी मान डोलावली.

रस्त्यात चालता चालताच त्याने आईला फोन लावला. नेहमीपेक्षा उशीर झाला होता. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत तिने उचलला. त्याने तिला सगळं सांगितलं, स्टँडच्या गुडघ्यापासून. दार लावून जिन्यात उभं राहिल्याचं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

“कोणी जातच नाही का, असं म्हणाला?”

“हो.”

“हुशार आहे म्हातारा.” ती डोळे पुसत असावी. “आणि किती दिवस वाट बघत होता म्हणालास?”

“महिनाभर तरी.”

“बिचारा,” आई म्हणाली. “एकटाच असतो?”

“एकटाच.”

तिच्याकडून भांडी विसळल्याचा आवाज येत होता. बोलता बोलता काम करायची तिची सवयच होती.

“बरं, ठेवू का?” ती म्हणाली. “बिल चढेल तुझं.”

“हं,” बापू म्हणाला. “बरं, येतो गं.”

फोनवर असं कुणी म्हणत नाही. फोन ठेवतात. त्याच्याही ते उशिरा लक्षात आलं आणि आई आता पुन्हा हसेल असं त्याला वाटलं. पलीकडे नळ बंद झाला.

“कधी?” आईने विचारलं.